२२ नंबरचं दार कुणी दिलं? सर्व्हर चालवणाऱ्या प्रत्येकाने वाचावी अशी जॉन पोस्टेल यांची गोष्ट

दोन वर्षांपूर्वी मला डेंग्यू झाला आणि आमच्या ट्रेक ग्रुपची वेबसाइट बंद पडली. ऐकायला विचित्र वाटेल, पण या दोन गोष्टींचा थेट संबंध होता.

वेबसाइट अगदी छोटी. भाड्याने घेतलेला एक व्हीपीएस, त्यावर डेबियन, त्यावर एनजिनएक्स आणि ट्रेकची नावनोंदणी घेणारं एक पान. सगळं सॉफ्टवेअर ओपन सोर्स, त्यामुळे खर्च फक्त मशीनच्या भाड्याचा. सेटअप मी केलेला. पासवर्ड माझ्याकडे, एसएसएचची की माझ्या लॅपटॉपमध्ये आणि फोनमधल्या टर्मक्समध्ये. दुसऱ्या कुणाकडे काहीच नाही. त्याआधी अडीच-तीन महिने मी कुठेतरी काहीतरी वाचून 'सुरक्षेसाठी' फायरवॉलमध्ये ८० नंबरचा पोर्ट बंद करून टाकला होता. सगळे लोक एचटीटीपीएसने, म्हणजे ४४३ वरून येतायत, मग ८० हवाय कशाला, असा माझा हिशोब.

पण लेट्स एन्क्रिप्टचं सर्टिफिकेट ९० दिवसांचं असतं, आणि माझ्या सेटअपमध्ये ते रिन्यू करताना त्यांची मशीन ८० वरच येऊन दार वाजवते. दार बंद. रिन्यूअल गुपचूप फेल होत राहिलं, मी सलाइनवर पडून होतो, आणि ऐन पावसाळी ट्रेकच्या सीझनमध्ये लिंक उघडणाऱ्या प्रत्येकाच्या फोनवर 'ही साइट सुरक्षित नाही' असा इशारा झळकायला लागला. ग्रुपवर मेसेजचा पाऊस. आत जाऊन बघू शकेल असा माणूस एकच, आणि त्याला १०३ ताप.

बरा झाल्यावर दुरुस्तीला दोन मिनिटं लागली. डोक्यात किडा मात्र राहिला. वेबसाठी ८० च का? एसएसएचला २२, मेलला २५, डीएनएसला ५३, हे ठरवलं कुणी? तुमच्याकडे लिनक्स सर्व्हर असेल तर /ईटीसी/सर्व्हिसेस ही फाइल उघडून बघा. साधी टेक्स्ट फाइल आहे. डावीकडे सेवेचं नाव, उजवीकडे नंबर, अशा शेकडो ओळी. ही यादी ज्या वहीतून आली ती वही जवळपास २५ वर्षं एका माणसाने सांभाळली. त्यांचं नाव जॉन पोस्टेल.

नंबर वाटणारा माणूस

जोनाथन ब्रूस पोस्टेल यांचा जन्म ६ ऑगस्ट १९४३ चा, अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या अल्टाडेना गावचा. शिक्षण लॉस एंजेलिस परिसरातल्या व्हॅन नाईज हायस्कूलमध्ये. गंमत म्हणजे पुढे इंटरनेट उभारण्यात मोठा वाटा असलेले व्हिंट सर्फ आणि स्टीव्ह क्रॉकर हेही त्याच शाळेचे. तिघं खऱ्या अर्थाने एकत्र आले ते मात्र यूसीएलए विद्यापीठात, लेनर्ड क्लाइनरॉक यांच्या लॅबमध्ये. तिथून २९ ऑक्टोबर १९६९ रोजी अर्पानेट या नव्या नेटवर्कवरचा पहिला संदेश गेला. पोस्टेल तेव्हा तिथे शिकत होते. पुढे १९७४ मध्ये त्यांनी पीएचडी पूर्ण केली.

त्या मुलांपुढे अडचण अशी होती की नेटवर्क कसं चालावं हे सांगणारा कुणी वडीलधारा नव्हताच. मग क्रॉकर यांनी १९६९ च्या एप्रिलमध्ये एक पद्धत सुरू केली. जे सुचेल ते लिहायचं, नंबर टाकायचा आणि सगळ्यांना वाटायचं. नाव ठेवलं 'रिक्वेस्ट फॉर कॉमेंट्स', म्हणजे आरएफसी. हुकूम नाही, विनंती. या कागदांचं संपादन लवकरच पोस्टेल यांच्याकडे आलं आणि शेवटपर्यंत त्यांच्याकडेच राहिलं. ओपन सोर्स हा शब्द रूढ व्हायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. कागद कुणीही वाचावा, त्यावरून कुणीही सॉफ्टवेअर लिहावं, लायसन्स नाही, फी नाही. आज एनजिनएक्स, पोस्टफिक्स, बाइंड ही सॉफ्टवेअर वेगवेगळ्या लोकांनी लिहिलेली असूनही एकमेकांशी बोलू शकतात, त्याचं मूळ या कागदांत आहे.

नंबरांचं कामही असंच अंगावर आलं, किंवा खरं सांगायचं तर त्यांनी ते अंगावर ओढून घेतलं. सुरुवातीला प्रत्येक विद्यापीठ आपल्या सोयीने कुठलाही नंबर कुठल्याही सेवेला वापरत होतं. मे १९७२ मध्ये पोस्टेल यांनी आरएफसी ३४९ लिहिला. मुद्दा सरळ होता. नंबर वाटायला कुणीतरी एक जण हवा, आणि तो बहुधा मीच असावा असं त्यांनी अर्ध्या चेष्टेत सुचवून टाकलं. कुणी हरकत घेतली नाही. नेमणुकीचा समारंभ वगैरे काही झालाच नाही.

इथे एक छोटं कोडं सोडवून टाकू. जुन्या सेवांचे नंबर बघा. एफटीपी २१, टेलनेट २३, मेल २५. सगळे विषम. कारण तेव्हाच्या एनसीपी नावाच्या प्रोटोकॉलमध्ये जोडणी एकाच दिशेने चालायची, त्यामुळे जायला एक आणि यायला एक, असे सम-विषम जोडीने दोन नंबर लागायचे. नंतर टीसीपी आला. त्यात एकाच जोडणीत दोन्हीकडे बोलता येतं. मधले सम नंबर मोकळे राहिले.

त्यातलाच एक २२. १९९५ मध्ये फिनलंडमधल्या हेलसिंकीत टाटू इलोनेन यांनी एसएसएच लिहिलं, कारण त्यांच्या विद्यापीठाच्या नेटवर्कवर कुणीतरी पासवर्ड चोरले होते. टेलनेट आणि एफटीपी या दोघांची जागा घेणारं सॉफ्टवेअर, म्हणून त्यांना २१ आणि २३ च्या मधला नंबर हवा होता. जुलै महिन्यात त्यांनी एक साधा ईमेल पाठवला. दुसऱ्या दिवशी पोस्टेल यांच्या सहकारी जॉइस रेनॉल्ड्स यांचं उत्तर आलं की २२ तुमचा. फॉर्म नाही, फी नाही, कमिटी नाही. आपण आज रोज ज्या दारातून सर्व्हरमध्ये शिरतो ते असं एका दिवसात मिळालेलं आहे.

(टर्मक्सवर एसएसएच सर्व्हर चालू केलात तर तो २२ ऐवजी ८०२२ वर का बसतो, हेही सांगून टाकतो. १०२४ च्या खालचे पोर्ट उघडायला रूटची परवानगी लागते, आणि तुमच्या फोनमध्ये ती तुम्हाला दिलेली नसते.)

कागदावरचे प्रोटोकॉल

मार्च १९७७ पासून पोस्टेल यांचा मुक्काम लॉस एंजेलिसजवळच्या मरीना डेल रे इथल्या आयएसआय या संशोधन संस्थेत होता, अगदी मृत्यूपर्यंत. लांब दाढी, पायात सॅंडल, आणि वेळ मिळाला की सिएरा नेवाडाच्या डोंगरात भटकंती. आमच्या ग्रुपमध्ये सहज खपून गेले असते.

तिथून त्यांनी जे काही लिहिलं आणि संपादित केलं त्याची यादी बघितली तर दडपायला होतं. आयपी, टीसीपी, आयसीएमपी यांचे १९८१ चे मूळ दस्तऐवज त्यांच्या संपादनाखाली निघाले. तुम्ही पिंग कमांड मारता तेव्हा आयसीएमपी वापरत असता. यूडीपीचा १९८० चा कागद जेमतेम तीन पानांचा आहे, आणि व्हिडिओ कॉलपासून डीएनएसपर्यंत अर्धं जग त्यावर चालतं. टीसीपी आणि आयपी हे आज दोन वेगळे थर आहेत, यातही त्यांचा हात आहे. १९७७ मध्ये त्यांनी एका टिपणात आपल्याच मंडळींना सुनावलं होतं की आपण दोन वेगळी कामं एकाच प्रोटोकॉलमध्ये कोंबतोय आणि हे चुकतंय.

ईमेलचा एसएमटीपीही त्यांचाच, ऑगस्ट १९८२ चा आरएफसी ८२१. इथे मात्र माझी थोडी तक्रार आहे. स्वतःचा मेल सर्व्हर उभा करायचा प्रयत्न तुम्ही कधी केला असेल तर एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क या तीन भुतांनी तुम्हाला छळलं असेल. ती मागाहून लावलेली ठिगळं आहेत, कारण मूळ एसएमटीपीमध्ये पाठवणारा खरा कोण हे तपासायची सोयच नव्हती. कुणीही कुणाच्याही नावाने पत्र टाकावं. आणि हे पोस्टेल यांच्या लक्षात आलंच नव्हतं असंही नाही. नोव्हेंबर १९७५ मध्ये त्यांनी नकोशा मेलच्या त्रासावर स्वतंत्र आरएफसी लिहिला होता, नंबर ७०६. पण तेव्हा नेटवर्कवरचे जवळजवळ सगळे एकमेकांना ओळखत. कुलूप कशाला लावायचं?

त्यांचं एक तत्त्व फार प्रसिद्ध आहे. आपण पाठवताना नियम काटेकोर पाळायचे, आणि समोरच्याने थोडं चुकीचं पाठवलं तरी समजून घ्यायचं. इंटरनेट भराभर वाढलं त्यात या समजूतदारपणाचा मोठा वाटा आहे. पण त्याची किंमत आपण अजून मोजतोय. डिसेंबर २०२३ मध्ये 'एसएमटीपी स्मगलिंग' नावाचा हल्ला उघड झाला. मेल कुठे संपतो हे दाखवणारी खूण काही सर्व्हर सैलपणे वाचायचे, त्याचा फायदा घेऊन एका मेलच्या पोटात दुसरा खोटा मेल घुसवता यायचा. पोस्टफिक्स आणि सेंडमेल दोघांनाही नियम कडक करावे लागले. त्याच वर्षी या जुन्या तत्त्वाचा जरा बेताने वापर करा असं सांगणारा नवा आरएफसीही निघाला, ९४१३.

नंबरांना नावं मिळाली

तुमच्या सर्व्हरवर /ईटीसी/होस्ट्स अशी आणखी एक फाइल असते. एकेकाळी अख्ख्या नेटवर्कची नावं अशाच एका फाइलमध्ये होती. ती कॅलिफोर्नियातल्याच एसआरआय संस्थेत ठेवलेली असायची आणि प्रत्येकाने ती तिथून उतरवून घ्यायची. मशीन वाढल्यावर हे झेपेना. पोस्टेल यांनी आयएसआयमधले सहकारी पॉल मोकापेट्रिस यांना यात लक्ष घालायला सांगितलं आणि १९८३ मध्ये डीएनएस जन्माला आलं. नावाचा शेवटचा तुकडा कुणाचा हे रूट सर्व्हर सांगणार, पुढचं ज्याचं त्याने बघायचं.

त्याच वर्षी १ जानेवारीला एनसीपी कायमचा बंद करून सगळं नेटवर्क टीसीपी-आयपीवर आलं. या बदलाचा आराखडा पोस्टेल यांनी आधीच लिहून ठेवला होता. त्यातला एक भाग मला फार आवडतो. १९८२ मध्ये एनसीपी मुद्दाम एक दिवस बंद करून बघितला, पुढे पुन्हा दोन दिवस. ज्यांनी तयारी केली नव्हती त्यांची त्या दिवशी तारांबळ उडाली आणि मग ते कामाला लागले. खरा बदल करण्याआधी तालीम घ्यायची ही सवय लक्षात ठेवा, पुढे तिचा संबंध येणार आहे.

देशांच्या डोमेनचं वाटपही त्यांच्याकडेच आलं. कुठला प्रदेश देश आणि कुठला नाही या भानगडीत पडायला नको म्हणून त्यांनी आयएसओची देशांच्या संकेतांची तयार यादीच उचलली. मग त्या देशातला एखादा जबाबदार, कामाचा माणूस किंवा संस्था शोधायची आणि डोमेन त्यांच्या हाती द्यायचं. आपलं डॉट इन १९८९ मध्ये दिलं गेलं. बरीच वर्षं त्याची नोंदणी मुंबईतली एनसीएसटी ही संस्था बघत होती, जी पुढे सी-डॅकमध्ये विलीन झाली. म्हणजे डॉट इनचा पहिला कारभार चालला तो मुंबईतून.

या सगळ्या कामाला 'आयाना' असं नाव होतं. नाव भारदस्त, पण आत मुख्यतः पोस्टेल, रेनॉल्ड्स आणि हाताच्या बोटांवर मोजण्याइतके सहकारी. पगार अमेरिकन सरकारच्या संशोधन करारातून यायचा. नंबर मागणाऱ्याला काहीच पडायचं नाही.

२८ जानेवारी १९९८

मग पैसा आला. डॉट कॉम वगैरे नावांची नोंदणी १९९३ पासून अमेरिकन सरकारच्या करारावर नेटवर्क सोल्युशन्स ही खासगी कंपनी करत होती. सप्टेंबर १९९५ पासून तिला प्रत्येक नावामागे वर्षाला ५० डॉलर घ्यायची परवानगी मिळाली. वेबची लाट आलेलीच होती. सगळ्या रूट सर्व्हरची मूळ प्रत असलेली 'ए' मशीनही याच कंपनीकडे. बाकीचे रूट सर्व्हर तिच्याकडून प्रत उतरवून घ्यायचे. नवी डोमेन काढावीत, नोंदणीत स्पर्धा आणावी अशी पोस्टेल आणि इतरांची योजना होती. सरकारमध्ये वेगळेच विचार चालले होते. नावांची मालकी कुणाची, हा प्रश्न पहिल्यांदाच खरा झाला.

त्या दिवशी पोस्टेल यांनी सरकारच्या आणि त्या कंपनीच्या ताब्यात नसलेल्या रूट सर्व्हरच्या चालकांना एक ईमेल पाठवला. विनंती एवढीच की यापुढे मूळ प्रत 'ए' कडून न घेता आयएसआयमधल्या माझ्या मशीनकडून घ्या. आठ जणांनी घेतली. कुणी लेखी आदेश मागितला नाही, करार मागितला नाही. जॉनने सांगितलं, बस्स.

सामान्य माणसाला काहीही जाणवलं नाही, कारण दोन्हीकडची यादी तंतोतंत सारखी होती. साइट उघडत होत्या, मेल जात होते. पण ज्यांना कळायचं त्यांना कळलं. रूटची मूळ प्रत ज्याच्या हातात त्याने उद्या एक ओळ जास्त लिहिली, तर जगात एक नवं डोमेन तयार होतं. एक ओळ खोडली, तर एक देश नकाशावरून पुसला जाऊ शकतो. क्लिंटन यांचे सल्लागार आयरा मॅगझिनर यांनी फोन केला. पोस्टेल म्हणाले की ही चाचणी होती, आणि काही दिवसांत सगळं पूर्ववत केलं. ३० जानेवारीला सरकारने या व्यवस्थेचं पुढे काय करायचं याचा स्वतःचा प्रस्ताव जाहीर केला.

चाचणी की शक्तिप्रदर्शन? यावर अजून वाद चालतो. मला विचाराल तर दोन्ही. व्यवस्था एका जागेवरून दुसरीकडे हलवायची तर आधी तालीम हवी, हे १९८२ ची तालीम बघितलेल्या माणसाला पक्कं ठाऊक होतं. यादीला त्यांनी हात लावला नाही, हेही खरं. पण ज्यांच्या पैशावर आयाना चालत होती त्यांना आधी सांगितलं नाही, आणि यातून काय संदेश जाईल हे न कळण्याइतके ते भोळे नव्हते. सर्व्हर चालवणाऱ्यांच्या भाषेत सांगायचं तर प्रॉडक्शनवर, न विचारता, एकट्याने केलेला बदल. बिघडलं काही नाही, म्हणून तो बरोबर ठरतो का? माझं उत्तर 'नाही' असं आहे, आणि तरी त्या आठ जणांच्या जागी मी असतो तर मीही त्यांचंच ऐकलं असतं.

पुढचे काही महिने नवी संस्था उभी करण्यात गेले. ३० सप्टेंबर १९९८ रोजी आयकॅनची नोंदणी झाली. आयानाचं काम तिच्याकडे जाणार होतं आणि पोस्टेल तिचे तांत्रिक प्रमुख होणार होते. म्हणजे वही अखेर एका माणसाकडून संस्थेकडे जायची होती. हस्तांतर चालू असतानाच त्यांच्या हृदयाच्या झडपेची शस्त्रक्रिया झाली. त्यानंतरच्या गुंतागुंतीत १६ ऑक्टोबर १९९८ रोजी लॉस एंजेलिसमध्ये त्यांचं निधन झालं. वय ५५.

त्या दिवशी एकही सर्व्हर बंद पडला नाही. आयएसआयमध्ये काम माहीत असलेली माणसं होती. आरएफसीचं संपादन जॉइस रेनॉल्ड्स आणि बॉब ब्रेडन यांनी पुढे नेलं, नंबरांचं काम आयकॅनकडे गेलं. व्हिंट सर्फ यांनी मित्रावर मृत्युलेख लिहिला आणि तोही आरएफसी म्हणूनच निघाला. त्याचा नंबर २४६८.

पोर्टचे नंबर आजही आयानाच देते. आता त्यासाठी अर्ज, तज्ज्ञांची तपासणी, सगळं रीतसर असतं. एका दिवसात उत्तर येईल अशी आशा धरू नका.

आमच्या ग्रुपच्या सर्व्हरवर ८० उघडा आहे आणि तो फक्त ४४३ कडे पाठवायचं काम करतो. सर्टिफिकेट रिन्यू झालं नाही तर आता तिघांना मेल जातो. गेल्या महिन्यात ग्रुपमधल्या एका मैत्रिणीची एसएसएच की मी सर्व्हरवर टाकली आणि तिला फोनवरून लॉगिन करायला सांगितलं. पहिल्यांदा की चुकली. दुसऱ्यांदा ती आत आली आणि तिचा पहिला प्रश्न होता की इथे मी काय काय बिघडवू शकते. सगळंच, मी म्हटलं, आणि बॅकअप कुठे आहे ते आधी दाखवलं.